हिवाळ्यात कात्री लावू नका, वसंतातला बहर तिथेच बसलेला असतो

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बागेत लायलॅक, फॉर्सिथिया, वायगेला आणि मोठ्या गोल गुच्छांचं हायड्रेंजिया ही थंड हवेतली फुलझुडपं आहेत, लावून पाच वर्षं झाली, दर हिवाळ्यात पानं गळली की तुम्ही सगळी कमरेइतकी छाटून छान गोल करता, वसंतात पालवी भरभरून येते पण फूल नाही, फॉर्सिथियाला तेवढी तळाशी चार पिवळी फुलं दिसतात. कोणी सांगतंय खत कमी पडलं, कोणी म्हणतं सरळ काढून टाका.

काढू नका आणि खतही वाढवू नका. झुडपं ठणठणीत आहेत, इतकी पालवी फुटतेय म्हणजे मुळं चांगली बसलीत. फुलंसुद्धा ती दरवर्षी तयार करतायत, फक्त उमलायच्या आधी, डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या अंकुरात, झोपलेली असतानाच ती कापली जातायत. मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय आणि "झाड फुलत नाही" म्हणून जी झुडपं बघायला बोलावतात त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे एकदा समजलं की प्रत्येक झुडपाचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

वसंतात फुलणारी पानगळी झुडपं फुलतात ती मागच्या वर्षीच्या काडीवर. म्हणजे कसं, यंदाची फुलं गळाली की जोमाने नवीन फूट येते, ती वाढत राहते, उन्हाळ्याच्या मध्यावर वाढ मंदावते आणि मग त्या काडीवरच्या डोळ्यांमध्ये पुढच्या वर्षीची कळी धरायला लागते. पानं पिवळी पडून गळायच्या आत हे काम आटोपलेलं असतं, फूल आत बारीक रूपात तयार. मग हिवाळ्याची झोप, आणि ही झोपही त्यांना लागतेच, शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे मिळाल्याशिवाय डोळे नीट जागे होत नाहीत, म्हणूनच जिथे हिवाळा उबदार असतो तिथे साधं लायलॅक वाढतं पण धड फुलत नाही. वसंतात जे होतं ते फक्त उमलणं. आपल्याला हिवाळ्यात नुसत्या काड्या दिसतात, वाटतं आत्ता झाड रिकामं आहे, आत्ताच छाटून घेऊ, आणि नेमका सगळा बहर त्या उघड्या काडीवरच बसलेला असतो.

खात्री करायची असेल तर येत्या हिवाळ्यात लायलॅकची एक काडी जवळून बघा. शेंड्याला दोन जाड, गुबगुबीत डोळे जोडीने बसलेले दिसतील, खालचे डोळे त्यापेक्षा बारीक आणि टोकदार असतात. जाड ते फुलाचे, बारीक ते पानाचे. एक जाड डोळा काढून धारदार ब्लेडने उभा चिरा, आत हिरव्या दाण्यांचा एवढासा घोस दिसतो, तोच वसंतातला गुच्छ. मी नवीन माणसाला काम शिकवताना पहिल्या दिवशी हे दाखवतो, एक गुच्छ वाया जातो पण नंतर तो माणूस हिवाळ्यात लायलॅकला हात लावत नाही.

म्हणून छाटणीची वेळ एकच, फुलं कोमेजली की लगेच. तारीख मला विचारू नका, कुठला महिना ते सांगून उपयोग नाही कारण तुमच्या हवेवर आणि झुडपावर ते ठरतं. फॉर्सिथिया पानं यायच्या आधीच फुलतं, त्यामागून लायलॅक, मग वायगेला, ड्युट्झिया, आणि वसंत संपता संपता फिलाडेल्फस. ज्याची फुलं आधी संपतात त्याची छाटणी आधी. फुलं संपल्यापासून साधारण महिनाभराची मुदत धरा, त्या मुदतीत छाटलं तर नव्या फुटीला वाढायला आणि जून व्हायला पूर्ण हंगाम मिळतो. दोन-अडीच महिने उशीर केलात तर नवीन फूट कोवळीच राहते, कळी धरत नाही आणि थंडीत शेंडेही जळतात. वेळ चुकली तर त्या वर्षी छाटणी सोडून द्या, एक वर्ष न छाटल्याने कुठलंही झुडूप मरत नाही.

आता हा गोंधळ होतो का, तर बागकामाच्या सल्ल्यात "हिवाळा संपताना छाटा" हे वाक्य सगळीकडे असतं आणि ते खोटं नाही, पण ते उन्हाळ्यात फुलणाऱ्यांसाठी आहे. बडलिया डेव्हिडीआय, हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा, गुलाबी फुलांचं स्पायरिया जॅपोनिका, ही मंडळी त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात, त्यांना हिवाळ्याच्या शेवटी कडक छाटलं की उलट फुलं मोठी येतात. पण त्याच स्पायरियातलं पांढऱ्या फुलांचं, वसंतात कमानीसारखं वाकणारं स्पायरिया थुनबर्गीआय किंवा व्हॅनहुटाय हिवाळ्यात छाटलंत तर काही मिळणार नाही. बडलियातही तसंच आहे, आल्टर्निफोलिया नावाची जात जुन्या काडीवर फुलते. तेव्हा नुसतं "स्पायरिया आहे" एवढ्यावर कात्री चालवायची नाही, कधी फुलतं आणि कशावर फुलतं हे बघायचं. नाव माहीत नसलेलं झुडूप असेल तर एक पूर्ण वर्ष काहीही न कापता बघत राहा. फूल तपकिरी, लाकडी काडीवर आलं तर जुन्या काडीचं, आणि उन्हाळ्यात लांबलचक हिरव्या फुटीच्या शेंड्याला आलं तर नव्या काडीचं. वायगेला आणि फिलाडेल्फस इथे थोडं फसवतात, कारण आधी छोटी हिरवी फूट येते आणि तिच्यावर फूल, पण ती छोटी फूट निघते मागच्या वर्षीच्या काडीवरूनच, म्हणजे मूळ काडी कापली की तीही गेली.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे कुठून कापायचं, आणि खरं सांगायचं तर यात जास्त लोक चुकतात. वेळ बरोबर साधली पण वरूनच सगळं सपाट कापत राहिलात तरी चार-पाच वर्षांत झुडूप बिघडतं. फांदीच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ऑक्सिन, ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा मारला की तो दाब उठतो आणि कापाच्या लगेच खालचे तीन-चार डोळे एकदम फुटतात. म्हणजे जिथे एक काडी होती तिथे चार काड्यांचा झाडू तयार होतो. दरवर्षी त्याच उंचीवर हे केलं की वर दाट छत, आत अंधार, खाली उघडे सोट, आणि फूल आलंच तरी फक्त बाहेरच्या पापुद्र्यावर. गोल केलेली झुडपं आतून उघडून बघा, सगळीकडे हेच दिसेल.

त्यापेक्षा फांद्या कमी करा, फांद्या आखूड करू नका. झुडपाजवळ खाली बसा, अक्षरशः गुडघ्यावर, आणि बुंध्याकडे बघा. जमिनीतून किती खोडं वर आलीत ती मोजा. त्यातली सगळ्यात जाड, करड्या खरबरीत सालीची, वर जाऊन खूप फाटे फुटलेली ती म्हातारी. दरवर्षी फुलं संपल्यावर त्यातली पाचातली एक किंवा फार तर तिनातली एक अशा हिशोबाने पार जमिनीलगत कापून काढा. बारा खोडं असतील तर तीन-चार. तेवढ्याने वरचा भार उतरतो, आत उजेड जातो, आणि मुळातून नवीन सरळ धुमारे निघतात जे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरभरून फुलतात. तीन-चार वर्षांत अख्खं झुडूप नवं होतं, एकाही वर्षीचा बहर न गमावता. उंची कमी करायची असेल तरी हीच पद्धत, सगळ्यात उंच काडी तिच्या उगमाशी काढा, किंवा खाली जिथे जोमदार बाजूची फांदी निघालीय तिथपर्यंत आणा, मधेच हवेत कापून सोडू नका.

फॉर्सिथिया यात सगळ्यात सोपं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या बागा सांभाळणारे विल्यम फॉर्सिथ (१७३७–१८०४) यांच्यावरून हे नाव पडलं, आणि कुळाने बघाल तर लायलॅक, फॉर्सिथिया आणि आपले जाई-मोगरा सगळे एकाच कुळातले. फॉर्सिथिया इतकं जोमाने वाढतं की फुलं गळाल्यावर तिसरा हिस्सा जुनी खोडं काढलीत तरी हंगामाअखेर तुम्हाला कळणारही नाही कुठून काढली. त्याचा स्वभावच कमानदार, अडीच-तीन मीटर पसरणारा, टोकं जमिनीला टेकली की तिथे मुळं धरून नवीन रोप उभं करणारा. त्याला चौकोन किंवा गोल करणं हे त्याच्या अंगाविरुद्ध आहे. मी एक वीस वर्षांची फॉर्सिथियाची रांग सांभाळायचो, रस्त्याने जाणारी माणसं वसंतात थांबून बघायची, आणि एका शरदात मी नसताना दुसऱ्या कोणाला तरी बोलावून मशीनने ती सपाट भिंतीसारखी कापून घेतली गेली. पुढच्या वसंतात तिथे नुसती हिरवी भिंत होती. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. मुळाशी जुनी खोडं काढत, झाडूसारखे शेंडे सोडवत ती रांग पुन्हा रांगेला यायला तीन वर्षं लागली.

तुमच्याकडे खाली जी चार फुलं येतात ती तुमच्या कात्रीखालच्या काड्यांवरची. पण ज्यांच्याकडे कडक हिवाळा आणि बर्फ असतो त्यांना असंच दृश्य छाटणी न करताही दिसतं, बर्फाखाली झाकलेल्या फांद्या फुलतात आणि वरच्या रिकाम्या, कारण फॉर्सिथियाचे फुलाचे डोळे फांदीपेक्षा नाजूक असतात, फांदी तगते पण उघड्यावरचा डोळा गारठून मरतो. तसं असेल तर छाटणी बदलून उपयोग नाही, जात बदलावी लागते, मेडोलार्क किंवा नॉर्दर्न सन या जातींचे डोळे जास्त थंडी सोसतात.

लायलॅकबद्दल जरा जास्त लिहितो कारण माझा जीव त्याच्यावर आहे, आणि ते समजून घ्यायलाही वेळ लागतो. एक तर त्याला धीर लागतो, लहान रोप लावल्यावर पहिलं फूल यायला तीन ते पाच वर्षं सहज जातात, म्हणजे तुमचं आत्ता कुठे वयात आलंय. दुसरं, फुलाचे डोळे शेंड्याला असतात हे वर सांगितलं, त्यामुळे इथे नुसती बोटभर टोकं उडवली तरी त्या वर्षीचा बहर शंभर टक्के जातो, फॉर्सिथियासारखा खाली थोडाही उरत नाही. तिसरं, गुच्छ वाळल्यावर काढताना घाई करू नका. वाळलेल्या गुच्छाच्या बरोबर खाली दोन कोवळ्या फुटी दोन बाजूंनी निघत असतात, पुढच्या वर्षीचे गुच्छ त्यांच्याच टोकाला येणार. गुच्छाचा देठ त्या फुटींच्या अगदी वर कापा, फुटी ठेवा. झाड मोठं असेल आणि शिडी लावून प्रत्येक गुच्छ काढणं जमत नसेल तर सोडून द्या, बी धरल्याने फार काही बिघडत नाही, छोट्या झाडाला मात्र काढलेले बरे.

लायलॅकला बुंध्यापासून बरेच धुमारे येतात. ते सगळे काढूही नका आणि सगळे ठेवूही नका, दरवर्षी दोन-तीन जोमदार, जरा बाहेरच्या बाजूचे निवडा, ते पुढची खोडं, बाकीचे काढा. पण आधी एक तपासा, तुमचं रोप कलमी आहे का. कलमी असेल तर खालून येणारा धुमारा दुसऱ्याच झाडाचा असतो, कधी साध्या लायलॅकचा तर कधी प्रिव्हेट नावाच्या कुंपणाच्या झुडपाचा, पान वेगळं दिसलं तर लगेच ओळखू येतं. तो जमिनीवर कापू नका, माती उकरून मुळाशी जिथे जोडलाय तिथून ओरबाडून काढा, नाहीतर एकाचे चार होऊन येतात. आणि खोड पाच सेंटिमीटरपेक्षा जाड झालं, त्यात भोकं आणि भुसा दिसायला लागला की समजा खोडकिडा शिरला, तो जुन्या खोडांवरच जास्त येतो, म्हणजे दरवर्षीची विरळणी हाच त्याच्यावरचा अर्धा इलाज. उन्हाळ्याअखेर पानांवर पांढरी भुरी येते ती दिसायला वाईट पण झाडाला फारशी बाधत नाही, फवारणीच्या मागे लागू नका, आत वारा खेळता ठेवा. लायलॅकला माती उदासीन किंवा किंचित चुनखडीची चालते, साडेसहा ते साडेसात पीएच, आणि पाणी साचलेलं अजिबात चालत नाही.

फ्रान्समधल्या नान्सी गावचे व्हिक्टर लमोइन यांनी १८७० च्या सुमारास लायलॅकच्या संकराचं काम सुरू केलं, हाताने परागीकरण करायचं बारीक काम त्यांच्या पत्नीने केलं, आणि त्यांची १८९० ची पांढरी दुहेरी फुलांची मादाम लमोइन ही जात आजही लावली जाते. हे सांगायचं कारण, लायलॅकचं एकेक खोड म्हातारं होतं पण मूळ होत नाही. स्वतःच्या मुळांवर असलेलं झाड खोडं बदलत बदलत माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त जगतं, तुम्ही पाच वर्षांच्या झाडाला काढायचा विचार करताय म्हणून लिहिलं.

वायगेला, ड्युट्झिया, फिलाडेल्फस, कोल्क्विट्झिया यांचं सगळ्यांचं एकच. फुलं संपली की ज्या काड्या फुलल्या त्या खाली जोमदार नवी फूट निघालेली दिसेल तिथपर्यंत मागे आणा, आणि शिवाय दोन-तीन सगळ्यात जुनी खोडं तळातून. वायगेलाची टोकं हिवाळ्यानंतर बऱ्याचदा मेलेली दिसतात, पालवी फुटेपर्यंत थांबा, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत. रंगीत पानांच्या वायगेलात मधेच पूर्ण हिरव्या पानांची फांदी आली तर ती मुळापासून काढा, ती जास्त जोरदार असते आणि हळूहळू सगळं झुडूप हिरवं करते. केरिया तर काही विचारायलाच नको, फुललेली काडी जमिनीपर्यंत काढायची, हिरव्या नव्या काड्या येतच राहतात. रायबीज, म्हणजे फुलांचं करंट, तेही याच रांगेत.

चिनोमेलीस, जपानी क्विन्स म्हणतात ते, जरा वेगळं. त्याची फुलं जुन्या लाकडावर आखूड गाठीसारख्या फांद्यांवर येतात, सफरचंदासारखी, म्हणून तिथे जुनी फांदी काढून टाकायची घाई नको. फुलं झाल्यावर बाजूच्या लांब फुटी दोन-तीन पानांवर आणायच्या, आत काट्यांची गुंतवळ झाली असेल तर थोडी विरळ करायची. जाड हातमोजे घाला, काटे वाईट असतात.

काही झुडपांना तर छाटायचंच नसतं, हे कोणी सांगत नाही. मॅग्नोलिया स्टेलाटा, पानगळी अझेलिया, मजले मजले पसरणारं व्हायबर्नम प्लिकाटम, विच हेझल, यांचा आकार हेच त्यांचं सौंदर्य आहे. मेलेली, मोडलेली, एकमेकींवर घासणारी फांदी काढा आणि बाजूला व्हा. मॅग्नोलियाचे मोठे काप लवकर झाकले जात नाहीत, कापायचंच झालं तर झाड पूर्ण पानात असताना उन्हाळ्याच्या मध्यावर, हिवाळ्याच्या शेवटी कापलं तर कापातून रस गळत राहतो. अझेलियाचे वाळलेले गुच्छ बोटांनी वाकवून मोडा, कात्री लागतही नाही, फक्त खालचे नवे कोंब सांभाळा. अझेलियाला माती मात्र आंबट लागते, साडेचार ते सहा पीएच, त्यामुळे लायलॅक आणि अझेलिया शेजारी लावून दोघंही खूश राहतील ही आशा सोडा.

आता तुमचं हायड्रेंजिया. गोल गुच्छांचं, म्हणजे मॅक्रोफिला, हे फुलतं उन्हाळ्यात म्हणून सगळे त्याला पॅनिक्युलाटासारखं छाटतात, पण त्याचे डोळे मागच्या वर्षीच्या काडीच्या वरच्या भागात तयार असतात. याच्या बाबतीत माझा सल्ला थोडा वेगळा, वाळलेले गुच्छ हिवाळाभर झाडावरच ठेवा, ते खालच्या डोळ्यांना दव-थंडीपासून आडोसा देतात. वसंतात कडक थंडीचं भय संपलं की वाळक्या गुच्छाखालच्या पहिल्या जाड डोळ्यांच्या जोडीच्या वर कापा, तेवढंच. फार जुन्या, बारीक, कमकुवत काड्या एक-दोन तळातून काढा. कमरेइतकं सरसकट छाटलं की तुम्हाला जे दिसतंय तेच होतं, मोठमोठी हिरवी पानं आणि फूल नाही. काही नव्या जाती दोन्ही काड्यांवर फुलतात, पण तुमचं फुलत नाही म्हणजे ते त्यातलं नाही.

फार वर्षं दुर्लक्ष होऊन जंगल झालेलं झुडूप असेल तर एकदम खरड छाटणी करता येते, पंधरा-वीस सेंटिमीटर ठेवून सगळं खाली. ही मात्र हिवाळ्याच्या शेवटी, डोळे हलायच्या आधी करायची, कारण इथे बहर आपण जाणूनबुजून सोडतोय आणि मुळात साठवलेली ताकद सगळी नव्या फुटीत जायला हवी. फॉर्सिथिया, वायगेला, फिलाडेल्फस, केरिया हे सोसतात, दोनेक वर्षांत पुन्हा फुलतात. स्वतःच्या मुळावरचं लायलॅकही सोसतं पण दोन-तीन वर्षं, कधी जास्तही, फुलांशिवाय काढावी लागतात. कलमी झाडाला, मॅग्नोलियाला, विच हेझलला हे करू नका. आणि खरड छाटणीनंतर शंभर धुमारे येतात, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात विरळणी करून दहा-बारा चांगले ठेवा, हे विसरलात तर दोन वर्षांत पुन्हा तेच जंगल. तुमच्या पाच वर्षांच्या झुडपांना याची गरज नाही.

हत्यारांचं थोडक्यात, दोन पाती एकमेकांना घासून जाणारी सिकेटर घ्या, एक पातं सपाट ठोकळ्यावर आपटणारी नको, ती ओली काडी चेंगरते. अंगठ्यापेक्षा जाड खोडाला लांब दांड्याचा लॉपर, त्याहून जाडाला छोटी करवत. रोगट फांदी कापली तर पुढच्या झाडाला जायच्या आधी पातं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. डोळे समोरासमोर असतील, जसे लायलॅक-वायगेलाला, तर काप जोडीच्या वर सरळ, आणि एकाआड एक असतील तर बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या जरा वर किंचित तिरका. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, ते कापायचं नाही आणि खुंटही ठेवायचा नाही, कड्याच्या बाहेरून काप घ्यायचा. कापावर रंग, डांबर, पेस्ट काही लावू नका. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाड जखम भरत नाही, तिला आतून कोंडून बाजूला टाकतं, आणि वरून लावलेल्या लेपाने कुज थांबत नाही.

छाटणी सुधारूनही फूल आलं नाही तर मग बाकीच्या गोष्टी बघा. ऊन पहिलं, रोज सहा तास थेट ऊन नसेल तर लायलॅक आणि फॉर्सिथिया हात आखडतात, आणि बऱ्याचदा लावताना ऊन असतं पण शेजारचं झाड वाढून सावली येते हे आपल्या लक्षात येत नाही. मग नत्र, झुडूप हिरवळीला लागून असेल आणि हिरवळीला युरियासारखं खत पडत असेल तर ते मुळांना मिळतं आणि सगळा जोर पानात जातो. या झुडपांना वर्षातून एकदा बुंध्याभोवती कंपोस्ट पसरलं तरी पुरे, पाच ते आठ सेंटिमीटर जाड, बुंध्याला चिकटवायचं नाही, वितभर जागा सोडायची. आणि पाणी. लोक फुलं असताना पाणी देतात आणि फुलं संपली की विसरतात, पण कळी धरते ती उन्हाळ्यात, तेव्हा पंधरा-वीस दिवस माती कोरडी ठणठणीत राहिली की पुढच्या वसंतात बहर विरळ दिसतो आणि कारण कोणालाच आठवत नाही. आठवड्यातून एकदा आळं भरून, खोलवर, वाफसा राहील असं द्या, रोज शिंपडण्यापेक्षा ते बरं.

एक आणखी, तुम्ही लिहिलंय की ती वाटेवर येतात म्हणून छाटावीच लागतात. मग तो प्रश्न छाटणीचा नाही, जागेचा आहे. दीड मीटरच्या जागेत तीन मीटरचं झुडूप लावलं की आयुष्यभर भांडण. लायलॅक हवंच असेल तर मेयेराय पॅलिबिन दीड मीटरच्या आसपास थांबतं, ड्युट्झियात निक्को तर गुडघ्याच्या वर जात नाही. फॉर्सिथिया तुम्ही ते हिवाळ्याच्या झोपेत असताना, पानं गळल्यावर, दुसरीकडे हलवा, पाच वर्षांचं आहे, हलेल. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र आहे तेवढीच, बुंधा आधी होता त्यापेक्षा खोल गाडू नका. आणि हलवताना दोन-चार काड्या काढून वीस-पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे करून दोन तृतीयांश मातीत खुपसून ठेवा, फॉर्सिथिया, वायगेला, करंट, फिलाडेल्फस सगळे असे छाट कलमाने लागतात, वर्षभरात मुळं धरतात.

हिवाळ्यात हात शिवशिवलेच तर एक वाट आहे. हिवाळा संपत आला की फॉर्सिथियाच्या काढायच्याच असलेल्या दोन-तीन काड्या कापा आणि घरात पाण्यात ठेवा, उबेत एक ते तीन आठवड्यांत त्या घरात फुलतात. तेवढी छाटणी मीही दरवर्षी करतो.

तुमच्यासाठी या वर्षीचं सांगायचं तर येणारा हिवाळा पूर्ण सोडून द्या, घरात ठेवायच्या त्या दोन-तीन सोडल्या तर एकही काडी नाही. झुडपं विस्कटलेली दिसतील, दिसू दे. वसंतात लायलॅक आणि फॉर्सिथिया फुलले की फुलं असतानाच ज्या खोडांना फूल कमी आणि फाटे जास्त त्यांच्या बुंध्याला रंगीत चिंधी बांधून ठेवा, कारण पालवी भरली की कुठलं खोड कुठलं ते ओळखू येत नाही. फुलं गळाली की चिंधी बांधलेल्यांपैकी प्रत्येक झुडपातून दोन खोडं जमिनीलगत काढा आणि आधीच्या गोल छाटणीमुळे वर जे झाडू झालेत त्यातल्या प्रत्येकात एकच जोमदार काडी ठेवून बाकीच्या तिच्या उगमाशी कापा. उरलेल्या चिंध्या सोडू नका, त्या पुढच्या वर्षी लागतील.